सापाचं नाव

नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली गेली ती शके १२१२, म्हणजे १२९० साली. सापशिडीचा मूळ अवतार जो मोक्षपट, त्याचंही श्रेय परंपरा माउलींनाच देते. म्हणजे आमचा नगर जिल्हा (आता कागदोपत्री अहिल्यानगर) खेळ लिहिण्यातही मागे नाही! 'लिहिण्यात' म्हणतो, कारण मोक्षपटाची गंमत अक्षरांत आहे. सापांना काम, क्रोध, लोभ अशी नावं. शिड्यांना दया, सत्संग अशी. पुढं खेळ विलायतेला गेला आणि हळूहळू अक्षरं पुसली जाऊन नुसते आकडे उरले. आकड्यांशी मी बँकेत दिवसभर झुंजतोच. म्हणून पुठ्ठा आणून मुलीसाठी स्वतःच पट लिहायला बसलो.

सत्त्याण्णवच्या लांबलचक सापाला मी 'आळस' असं झोकदार नाव दिलं. पहिल्याच डावात मुलगी तिथून थेट अकरावर! म्हणाली, "बाबा, फासा पडला तसा पडला. मी आळस कधी केला?"

आली का पंचाईत! मला आमच्या शाखेतले एक शेतकरी आठवले. पाऊस आला नाही, पीक जळालं; आणि यादीत त्यांच्या नावापुढं 'थकबाकीदार' हा शब्द मीच माझ्या हातानं उतरवला होता. फासा पावसाचा, साप त्यांच्या नावावर!

तेव्हा खेळ लिहिणाऱ्यांना एकच सल्ला : साप कुठंही सोडा, पण त्याचं नाव लिहिताना हात जरा आवरा. मी 'आळस' खोडून 'दुष्काळ' लिहिलं आणि शेपटीशी एक छोटी शिडी काढली. तिला नाव सुचेना.

मुलगी म्हणाली, "मुदतवाढ लिहा."

शेवटी कारकुनाचीच मुलगी!