विहार म्हणजे पावलं

आजचा श्लोक गीतेच्या ६ व्या अध्यायातला १७ वा. आहार युक्त हवा, विहारही. 'विहार' म्हटलं की आपल्याला सहल आठवते, पण शंकराचार्यांच्या भाष्यात त्याचा साधा अर्थ आहे, पावलं टाकणं. आणि 'युक्त' म्हणजे नेमक्या मापात.

मग माप कुठलं? माझं घड्याळ १०,००० म्हणतं. हा आकडा १९६५ मध्ये जपानात विकायला आलेल्या पावलं मोजायच्या यंत्राच्या नावातून आलाय! जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला निदान १५० मिनिटं भरभर चालण्याइतके श्रम सांगते. जेवल्यावर थोडं चाललं तरी पायांचे स्नायू रक्तातली साखर वापरायला लागतात. नियमित चालण्याने रक्तदाबही उतरतो, हृदयावरचा ताण कमी होतो.

पण आकडा भरला नाही म्हणून रात्री अकराला चिडचिड करत खोलीत येरझाऱ्या घालणं, ही साधना की फळाचीच आसक्ती? मला तरी आसक्ती वाटते. उलट, 'देह नश्वर आहे' म्हणत दिवसभर खुर्चीत बसणं हेही वैराग्य नव्हे. तो तमोगुण, फक्त एसीतला.

मी हल्ली जेवल्यावर घड्याळ काढून ठेवते, जपमाळ घेते आणि दोन माळा होईपर्यंत सोसायटीभोवती चालते.