मतांसाठी केलेली पायपीट

विधानसभेची निवडणूक जवळ आली, की आमच्या गावांतील अरुंद रस्ते एकाएकी गजबजू लागतात. जीपगाड्यांवरील कर्णे सकाळपासून घुमतात आणि एरवी ज्यांचे दर्शन दुर्लभ, असे पुढारी हात जोडून अंगणात उभे राहतात. कुणी म्हाताऱ्याच्या पाया पडतो, कुणी तान्ह्या बाळाला उचलून घेतो. माणसे हसून स्वागत करतात, पाणी देतात आणि पाहुण्याची पाठ वळताच एकमेकांना म्हणतात, ‘गरज सरो, वैद्य मरो!’ या हसण्यामागे एक नैतिक प्रश्न दडलेला आहे, असे आम्हांला वाटते. ज्या भेटीमागे मताची अपेक्षा आहे, ती भेट खोटीच म्हणावी काय?

या प्रश्नाचा विचार करताना पक्षाभिनिवेश आड येऊ नये, म्हणून दूरची दोन उदाहरणे घेऊ. अमेरिकेत सिनेटच्या उमेदवाराला एखाद्या मतदारसंघात नव्हे, तर संपूर्ण राज्यात फिरून मते मागावी लागतात. त्यामुळे प्रचाराचे महिने म्हणजे त्याचा रस्त्यावरचा संसारच असतो. टेक्सास राज्यात तर २५४ कौंट्या, म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारखे विभाग आहेत. १९४८ साली तेथे लिंडन जॉन्सन यांनी हेलिकॉप्टरचा आश्रय घेतला. ते यंत्र तेव्हा खेड्यापाड्यांतील लोकांना अपूर्वाईचे होते. आकाशात त्याची घरघर ऐकू आली, की माणसे धावत येत. उमेदवार वरूनच ध्वनिक्षेपकावरून अभिवादन करी, खाली उतरून भाषण देई, भराभर हातात हात मिळवी आणि पुढच्या गावाकडे उडून जाई. त्यांचे प्रतिस्पर्धी, माजी गव्हर्नर कोक स्टीव्हन्सन, मोटारीने गावोगाव जाऊन लोकांशी निवांत बोलत. पक्षांतर्गत निवडणुकीच्या अंतिम फेरीत जॉन्सन अवघ्या ८७ मतांनी विजयी झाले. एका मतपेटीतील उशिरा दाखल झालेल्या मतांमुळे तो विजय आजतागायत वादग्रस्त राहिला आहे.

दुसरे उदाहरण फ्लोरिडाचे. १९७० साली लॉटन चाईल्स नावाच्या, राज्यभर फारशा परिचित नसलेल्या उमेदवाराने पायी चालावयाचे ठरविले. वायव्येकडील सेंचुरी या लहानशा गावातून ते निघाले आणि ९१ दिवसांत १,००३ मैल चालून राज्याच्या दक्षिण टोकाकडील की लार्गो येथे पोहोचले. दिवसाला सरासरी अकरा मैल! वाटेत भेटणाऱ्यांचे म्हणणे ऐकावे आणि ते वहीत टिपून घ्यावे, असा त्यांचा क्रम असे. त्या वर्षी ते सिनेटवर निवडून आले.

हे वाचून आपण सहज निवाडा करून टाकू, की चालणारा साधू आणि उडणारा संधिसाधू. परंतु गोष्ट इतकी सोपी नाही. पुढे राष्ट्राध्यक्ष झाल्यावर कृष्णवर्णीयांना न्याय देणाऱ्या १९६४ च्या नागरी हक्क कायद्यावर आणि १९६५ च्या मताधिकार कायद्यावर सही केली, ती याच जॉन्सन यांनी. उलट चाईल्स यांच्या पायपिटीतही हिशेब होताच. चालणाऱ्या उमेदवाराची बातमी वृत्तपत्रे विनामूल्य छापतात. आपल्याकडेही १९८२ साली एन. टी. रामाराव ‘चैतन्य रथम्’ या गाडीतून आंध्र प्रदेशभर फिरले आणि २००३ साली वाय. एस. राजशेखर रेड्डी त्याच राज्यात पायी चालले. दोघेही मुख्यमंत्री झाले. तेव्हा प्रवासाच्या साधनावरून अंतःकरण मोजता येत नाही, हेच खरे.

सेमिनरीत आम्हांला शिकविले गेले, की नैतिक मूल्यमापन करताना कृती, हेतू आणि परिस्थिती या तिन्हींचा विचार करावा. येथे कृती आहे दुसऱ्याचे ऐकण्याची. ती चांगलीच आहे. हेतू आहे मत मिळविण्याचा. तोही मुळात वाईट नाही. राजाला कुणाच्या दारी जावे लागत नसे. लोकशाहीत सत्तेला मागून घ्यावे लागते, हे तिचे भूषणच आहे. उरली परिस्थिती. चालणाऱ्याला तहान लागते, सावली लागते. ज्याला आपल्या घरचे पाणी प्यावे लागते, त्याला आपले म्हणणेही थोडे ऐकावे लागते.

मात्र ऐकणे हे एक ऋण आहे. एखादी विधवा परक्या माणसाला आपले दुःख सांगते, तेव्हा ती त्याच्या ओंजळीत काहीतरी ठेवत असते. पुढच्या सभेत टाळ्या मिळविण्यापुरते त्याने ते वापरले, तर तो विश्वासघात होय. ‘ऐकावे जनाचे, करावे मनाचे’ हे शहाणपण येथे उपयोगाचे नाही. चाईल्स सिनेटमध्ये गेल्यावर केंद्रीय मंडळांच्या बैठका जनतेला खुल्या करणारा कायदा १९७६ साली झाला, त्याचा त्यांनी पुरस्कार केला होता. ते गव्हर्नर असताना १९९१ साली गरोदर माता व अर्भके यांच्यासाठी राज्यव्यापी योजना आली. ही कामे थेट त्या वहीतूनच निघाली, असे आम्ही म्हणणार नाही. पण पायपीट संपल्यावर वही मिटून ठेवली गेली नसावी, असे मानावयास जागा आहे.

आणि पुढाऱ्यांना हा निकष लावून आम्ही सुटणार नाही. धर्मगुरू म्हणून आम्हीही घरोघर जातो. काही वर्षांपूर्वी चर्चच्या दुरुस्तीसाठी निधी हवा होता, तेव्हा आमच्या घरभेटी एकाएकी वाढल्या. एका घरी वृद्ध मावशींनी चहा पुढे केला आणि शांतपणे विचारले, ‘फादर, आमच्या नावावर किती लिहू?’ आम्ही नीट बसलोही नव्हतो. त्यांचे यजमान दोन महिने अंथरुणाला खिळून होते, हे आम्हांला त्या दिवशी कळले.

पावती फाडून झाल्यानंतरच्या आठवड्यात आम्ही पुन्हा त्या घरी गेलो. यजमानांपाशी तासभर बसलो. पुढेही जात राहिलो. ते लाजेपोटी की मायेपोटी, हे आम्हांला आजही नक्की सांगता येत नाही. मावशींनी मात्र पुन्हा कधी ‘किती लिहू?’ असे विचारले नाही.