गरजेचं रान

रेणापूरहून अंबाजोगाईच्या वाटेला लागलं की दोन्ही अंगांना वावरंच वावरं. सोयाबीन, तूर, हरभरा, आणि रेणा नदीचं पाणी पोचतं तिथे ऊस. लातूर जिल्ह्याचं वनक्षेत्र एक टक्काही भरत नाही. देशाच्या एक तृतीयांश भूमीवर वनं असावीत, असं १९५२ च्या वननीतीने म्हटलं, १९८८ च्या वननीतीने पुन्हा म्हटलं. आमचा जिल्हा त्या हिशेबात कधी बसलाच नाही. म्हणून इथल्या माणसाला जंगल म्हटलं की ताडोबा आठवतो, मेळघाट आठवतो. गावाबाहेरच्या गायरानातली, ओढ्याकाठची, टेकडीच्या उतारावरची झाडी त्याच्या लेखी जंगलात जमाच होत नाही. माझं म्हणणं असं, की आमचं जंगल ते हेच. ते कशामुळे टिकलं आणि कशामुळे जातंय, याचा विचार मात्र आम्ही उलट्या टोकाकडून करत आलो.

ही झाडी दिसायला साधी. खाली काळा पाषाण, त्यावर वीतभर मुरमाड माती, आणि तीन-चार महिन्यांत पडून जाणारा पाऊस. अशा जमिनीत जी झाडं तग धरतात तीच इथे: हिवर, बाभूळ, बोर, खैर, पळस, आपटा, ओढ्याला करंज आणि शिंदी. मध्ये तरवड, निरगुडी, मुरुडशेंग. मोकळ्या अंगाला कुसळीचं गवत. व्ही. एन. नाईक यांनी १९७९ साली उस्मानाबाद जिल्ह्याच्या वनस्पतींवर ग्रंथ लिहिला, तेव्हा लातूर त्याच जिल्ह्यात होतं. वेगळा लातूर जिल्हा झाला १९८२ साली. पुढे १९९८ मध्ये त्यांचा सगळ्या मराठवाड्याच्या वनस्पतींवरचा ग्रंथ आला, तो दोन खंडांचा. ज्या मुलुखाला येणारा-जाणारा उजाड म्हणतो, त्याच्या झाडाझुडपांना दोन खंड लागले. ही गोष्ट आमच्या शाळांतल्या पोरांना कुणी सांगत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

रेणापूरला लागूनच्या चाकूर तालुक्यात वडवळ नागनाथ आहे. तिथली टेकडी संजीवनी बेट म्हणून मराठवाडाभर माहीत आहे. हनुमान द्रोणागिरी घेऊन निघाला तेव्हा त्याचा एक तुकडा इथे पडला, अशी कथा सांगतात. उत्तरा नक्षत्रात लोक लांबलांबून येतात. जाणकार माणसं पाला, साली, मुळ्या ओळखून देतात. त्या पाल्याने प्रत्येक दुखणं बरं होतं असा माझा दावा नाही, मोठं दुखणं असेल तर दवाखानाच गाठावा. पण ज्या टेकडीवर दरवर्षी माणसं कुठली वेल कुठे उगवते हे शोधत हिंडतात, त्या टेकडीवर नांगर घालायची कुणाची छाती होत नाही. सगळीकडची जमीन पिकाखाली गेली आणि हा एवढा डोंगर हिरवा राहिला, त्याचं कारण मला या येण्याजाण्यात दिसतं. लोकांना तिथे काम आहे.

पूर्वी हे काम प्रत्येक गावाला आपापल्या झाडीत होतं. चुलीला काटक्या हव्यात. औताला, वखराला, कुऱ्हाडीच्या दांड्याला बाभळीचं लाकूड हवं. पंगतीला पळसाच्या पत्रावळी, दसऱ्याला आपटा, घरावर शिंदीचे फडे. वावराच्या कडेला बोराटीचं कुंपण. सगळ्यांत मोठी गरज गुरांची. देवणी आणि लाल कंधारी ही इथली जातिवंत जनावरं याच माळांवर चरून वाढली, आणि उदगीरकडच्या हाळी हंडरगुळीच्या बाजारात त्यांचे सौदे झाले. गावाचा गुराखी सकाळी सगळ्यांची गुरं गोळा करून गायरानात न्यायचा आणि राखुळी घ्यायचा. कुठल्या अंगाचं गवत आधी चारायचं, कुठलं दिवाळीपर्यंत राखायचं, कोणत्या ओढ्याला उन्हाळ्यात पाणी असतं, हे त्याला ठाऊक. हिरव्या बाभळीला कुऱ्हाड लावणाऱ्याला चार माणसं हटकायची, कारण ती बाभूळ त्या चौघांच्याही उपयोगाची होती.

मग घरात गॅस आला. धूर खाऊन डोळे गेलेल्या बायकांसाठी तो यायलाच हवा होता, त्याबद्दल माझी तक्रार नाही. औताच्या जागी ट्रॅक्टर आला, दावणीतले बैल कमी झाले. पंगतीत थर्माकोल आणि कागद आला. सोयाबीनने ज्वारी मागे सारली, तसा कडबाही कमी झाला. येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येच्या सणाला, कोप करायला आता कडबा शेजारच्या शिवारातून मागून आणावा लागतो. प्रत्येक बदल एकटा पाहिला तर समजण्यासारखा. सगळे मिळून एवढं झालं, की गावाला आपल्या झाडीत जायचं कारणच उरलं नाही. आणि जिथे कुणी जात नाही तिथे जेसीबी जातो. मुरूम उपसला जातो, कचरा पडतो, बांध सरकत सरकत आत येतो. काय गेलं हे सांगायलाही माणूस नसतो, कारण गुराखी केव्हाच पुण्याला कंपनीत लागलेला असतो.

परमुलखातला एक दाखला इथे उपयोगी पडेल. लंडनच्या कडेला एपिंगचं जंगल आहे. एकोणिसाव्या शतकात तिथले जमीनदार त्याला कुंपणं घालून तुकडे पाडू लागले. ते थांबलं ते आसपासच्या गावांच्या चराईच्या आणि फांद्या तोडण्याच्या जुन्या हक्कांमुळे. लंडन महापालिकेने आपल्या अशाच चराईहक्काच्या आधारे १८७१ साली दावा लावला, १८७४ मध्ये जिंकला, आणि १८७८ च्या कायद्याने ते जंगल लोकांसाठी कायमचं राखलं गेलं. त्याच कायद्याने गावकऱ्यांचा फांद्या तोडण्याचा हक्क मात्र भरपाई देऊन बंद झाला. पुढे न छाटलेली झाडं डोक्यावर भारंभार वाढली, खाली दाट सावली पडली, जमिनीलगतची रोपटी मेली, आणि अलीकडे तिथे पुन्हा मुद्दाम छाटणी सुरू करावी लागली. हक्काने रान वाचवलं, आणि हक्क गेल्यावर रानाचंच रूप बिघडलं. आपल्याकडेही गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला, तेव्हा गावाने बांबू राखूनही दाखवला आणि विकूनही.

मराठवाड्यात मात्र हा प्रश्न इतका सरळ नाही, आणि तो सरळ असल्याचं सांगणं बेइमानी होईल. इथे गायरान म्हटलं की आधी भूमिहीन आठवले पाहिजेत. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या बोटभर जमीन मिळू दिली नाही, त्या दलित कुटुंबांनी गायरानं कसली. दादासाहेब गायकवाडांच्या १९५९ आणि १९६४ च्या भूमिहीन सत्याग्रहांनी त्या मागणीला बळ दिलं, पुढे सरकारने १४ एप्रिल १९९० पर्यंतची अशी अतिक्रमणं नियमित करण्याचं धोरण घेतलं. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं काढा असा निकाल दिला, पण भूमिहीनांना दिलेल्या जमिनींचा अपवादही सांगितला. झाडी वाचवण्याच्या नावाखाली या माणसांना हुसकावणाऱ्याच्या बाजूला मी उभा राहणार नाही. दोन एकर गायरान कसून पोरं शिकवणाऱ्या बाईने आमचं जंगल खाल्लेलं नाही. मुरमाचे ढिगारे नेणाऱ्यांनी, रस्त्यालगतचे मोक्याचे तुकडे दाबणाऱ्यांनी खाल्लं आहे, आणि त्यांची नावं घ्यायला गाव कचरतं.

दुसरी अडचण हरणांची. पेरणी झाली, कोंब वर आले, की काळविटांचा कळप येतो आणि एका रात्रीत शेंडे खुडून जातो. शेतकरी रात्रभर जागतो. त्याला वन्यजीव कायदा आणि अनुसूची एक ऐकवून काही होत नाही. पण काळवीट हे मोकळ्या गवताळ माळाचं जनावर आहे, दाट झाडीचं नव्हे. माळ नांगरला गेला, उरल्यासुरल्या माळावर खड्डे पडले, तेव्हा ते वावरात येणारच. म्हणून मला वृक्षलागवडीच्या मोहिमांची धास्ती वाटते. राज्याने २०१७ ते २०१९ या तीन वर्षांत ५० कोटी झाडं लावण्याचं ठरवलं. त्यामागचा हेतू चांगला होता. पण आकडा गाठायचा असला की मोकळा माळ पडीक दिसू लागतो आणि गवत उखडून गिरिपुष्पाची रोपं लावली जातात. गिरिपुष्पाला गुरं सहसा तोंड लावत नाहीत, त्याच्या फांदीवर कुणाची चूल अडलेली नाही, मग त्याची राखण कोण करणार? गवताचा माळ हा गवताचाच राहू द्यावा. तेही आमचं जंगलच आहे.

झाडी असली की पाऊस येतो, असं आमच्याकडे भाषणांत नेहमी सांगतात. गावाशेजारच्या दहा-वीस एकरांनी पाऊस येत नाही; खोट्या आशेवर झाडं राखायला सांगितलं तर पहिल्या दुष्काळात विश्वास उडतो. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आलं, ते सगळ्यांनी पाहिलं. तेव्हा मांजरा धरण कोरडं होतं, आणि चार झाडं जास्त असती तर ते भरलं असतं असं नाही. झाडी आणि गवत करतात ते वेगळं, पण खरं काम: पडलेला पाऊस उतारावर थोपवतात, माती धरून ठेवतात, पाणी मुरू देतात. भंडारवाडीच्या रेणा प्रकल्पात पाणी किती येईल हे आभाळावर आहे. त्याच्यासोबत गाळ किती येईल हे बऱ्याच अंशी वरच्या शिवारांवर आहे.

तेव्हा नुसतं कुंपण आणि पाटी नको. नवी गरज जोडा. शेळीपालन करणाऱ्या बायकांच्या गटाला चराईचा ठरलेला पट्टा द्या. देवणी राखणाऱ्या उरल्यासुरल्या घरांना गवत कापायचा पहिला हक्क द्या. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे गावोगाव समिती आणि नोंदवही असायला हवी. ती नोंदवही म्हाताऱ्या गुराख्याशेजारी बसून नव्याने भरा, तो आहे तोवरच. संजीवनी बेटावर मुळ्या खणणाऱ्यांनी किती खणायचं, याचा नियम तिथल्याच जाणकारांकडून ठरवून घ्या, नाहीतर गरजच एक दिवस ते बेट खाईल.

आणि रेणापूर परिसरातल्या वाचकांना एक विनंती. येत्या २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेला जा. गवत तेव्हा उभं असतं. गायरानाचा सातबारा सगळ्यांसमोर मोठ्याने वाचून दाखवायला सांगा, क्षेत्र किती, आज जागेवर किती आहे, कोण कसतं, कोण उपसतं, आणि सभा संपल्यावर ग्रामसेवकाला आणि सरपंचांना घेऊन ते क्षेत्र पायी फिरून या.