विष, औषध आणि प्रतिबंधक

तीक्ष्ण विषही युक्तीने योजले तर उत्तम औषध ठरते आणि औषधही अविचाराने दिले तर विष बनते, असे चरकसंहितेच्या सूत्रस्थानात सांगितले आहे. पण विषत्व हा द्रव्याचा स्वभाव की संयोगाचा परिणाम, हा प्रश्न त्यामुळे मिटत नाही. सिसप्लॅटिन या कर्करोगावरील औषधाने त्याला अनपेक्षित कसोटी मिळवून दिली आहे. या संयुगातील प्लॅटिनम पेशीतील डीएनएला चिकटून विभाजन थांबवते. विभाजन थांबवण्याचा हा गुण बार्नेट रोझेनबर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये प्रसिद्ध केला, तोही जिवाणूंवर विद्युतप्रवाहाचा परिणाम तपासताना योगायोगाने आढळल्यावर. खरे कारण विद्युदग्रांतून सुटलेले प्लॅटिनम होते आणि प्रवाह केवळ त्या कारणाचे कारण, म्हणजे न्यायशास्त्राच्या भाषेत घटाच्या कारणांत न मोडणारा कुंभाराचा बाप, होता.

पण सिसप्लॅटिन मूत्रपिंडाच्या आणि अंतर्कर्णाच्या पेशींनाही मारते. म्हणून ते लायपोसोममध्ये, म्हणजे स्निग्ध रेणूंच्या दुहेरी पटलाने बनलेल्या अतिसूक्ष्म पोकळ गोळीत, कोंडून देण्याची कल्पना पुढे आली. अर्बुदाच्या रक्तवाहिन्या सच्छिद्र असल्याने अशा गोळ्या तेथे अधिक साचतील, अशी अपेक्षा होती.

नैयायिक आणि मीमांसक यांच्यातील जुना वाद येथे आठवतो. विशिष्ट मणी जवळ असताना अग्नी जाळत नाही, तो दूर होताच जाळतो, या मान्य दृष्टान्तावरून मीमांसकांनी अग्नीतील, मण्यामुळे लोपणारी ‘शक्ती’ हा स्वतंत्र पदार्थ मानला, तर प्रतिबंधकाचा, म्हणजे अडथळ्याचा, अभाव हेही कार्याचे एक कारण आहे, एवढे मानल्याने काम भागते, असे नैयायिकांनी म्हटले. लायपोसोम हा असाच मणी आहे. त्याच्या आत सिसप्लॅटिनचा रेणू तसाच राहतो, म्हणून न्यायमताचे लाघव, म्हणजे जादा पदार्थ न मानण्याची काटकसर, येथे अधिक पटते.

मात्र लाघवाने चिकित्सा होत नाही. एसपीआय-७७ या लायपोसोमयुक्त सिसप्लॅटिनने मूत्रपिंडे वाचली, परंतु पटल इतके घट्ट होते की औषध अर्बुदातही पुरेसे सुटेना, आणि निरुपद्रवी द्रव्य निरुपयोगीही ठरले. पुढे अर्बुदात विपुल असलेल्या एका विकराने पटल फुटावे अशी रचना झाली. तिच्या पहिल्या मानवी चाचणीत मूत्रपिंडाची इजा पुन्हा दिसली.