पापाची प्रतवारी आणि जाणतेपणाचा भार

सर्व पापे ईश्वरासमोर सारखीच, की काहींना अधिक कठोर शासन, हा ख्रिस्ती धर्मविचारातील जुना वाद आहे. मराठीत मात्र तो केवळ धर्मशास्त्राचा वाद राहत नाही. ज्या शब्दांतून ख्रिस्ती कल्पना मराठीत आल्या, त्या शब्दांना पाप आणि दंड यांचे स्वतःचे गणित आधीपासून होते. एका गणिताचे शब्द घेऊन दुसरे गणित मांडले जाते तेव्हा नेमके काय घडते, हा येथे विचाराचा विषय आहे.

बायबलमध्ये या प्रश्नाला दोन उत्तरे दिसतात. याकोबाच्या पत्रानुसार नियमशास्त्राचे एक कलम मोडणारा सर्वच कलमांविषयी दोषी ठरतो. उलट लूकच्या शुभवर्तमानातील दृष्टान्तात धन्याची इच्छा जाणूनही ती न पाळणाऱ्या चाकराला पुष्कळ फटके बसतात आणि ती न जाणणाऱ्याला थोडे. पुढे चर्चने प्रतवारीच्या बाजूने कौल दिला. फ्लॉरेन्सच्या धर्मपरिषदेने १४३९ मध्ये नरकातील शिक्षा असमान असल्याचे सांगितले. ट्रेंटच्या परिषदेने १५५१ मध्ये प्राणघातक पापांचा कबुलीजबाब प्रकार व संख्या यांसह देणे आवश्यक ठरवले. कॅल्व्हिनने पाप मुळातच मरणास पात्र मानून ही विभागणी नाकारली. तरीही त्याच्याच परंपरेतील १६४७ च्या वेस्टमिन्स्टर प्रश्नोत्तरीने सर्व पापे सारखीच निंद्य नसतात हे मान्य केले आणि पाप करणाऱ्याचे वय, अनुभव व अधिकार यांनी ते अधिक गंभीर होते, असे म्हटले.

फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आला. त्याचे ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये प्रसिद्ध झाले. ‘पुराण’ हे नामाभिधानच श्रोत्याच्या परिचित श्रद्धाविश्वाला केलेले आवाहन आहे. गोव्याच्या ख्रिस्ती समाजाच्या कोकणीत आजही पापाला ‘पातक’ आणि नरकाला ‘येमकोंड’ म्हणतात. मात्र कबुलीजबाबाला ‘कुमसार’ आणि शुद्धिस्थानाला ‘पुर्गातोर’ हे पोर्तुगीजातून आलेले शब्द आहेत. देशी आणि परकी शब्दांची ही वाटणी अर्थपूर्ण आहे.

भागवताच्या पाचव्या स्कंधात अठ्ठावीस नरक वर्णिलेले आहेत आणि विशिष्ट दुष्कृत्यांशी त्यांची सांगड घातलेली आहे. प्रतवारीची कल्पना त्यामुळे येथे नवी नव्हती. परंतु पौराणिक नरक कितीही भीषण असला तरी त्याला शेवट आहे. भोग सरला की जीव पुन्हा जन्माच्या फेऱ्यात येतो. ख्रिस्ती परंपरेच्या मुख्य प्रवाहात नरक अनंत आहे आणि फरक असतो तो यातनेच्या तीव्रतेत. सरणारी शिक्षा तेथे शुद्धिस्थानाकडे जाते. म्हणजे पौराणिक नरकाचे कार्य ज्या संकल्पनेला सर्वांत जवळचे, तिलाच परके नाव मिळाले आणि यमाचे नाव मात्र अंत नसलेल्या शिक्षेला चिकटले. शब्द तोच राहिला, त्यातील काळ बदलला.

प्रतवारीचा निकष कोणता, हा याहून अवघड प्रश्न आहे. स्मृतींतील महापातक आणि उपपातक हे भेद मुख्यतः कृत्यावर आणि ते कोणाविरुद्ध घडले यावर उभे आहेत. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात एकाच अपशब्दाचा दंड वर्णानुसार बदलतो आणि खालच्या वर्णावर तो जड होत जातो. त्याच अध्यायात चोरीच्या संदर्भात मात्र क्रम उलटा होतो. दोष जाणणाऱ्या शूद्राला ८ पट, वैश्याला १६ पट, क्षत्रियाला ३२ पट आणि ब्राह्मणाला ६४ पट किंवा त्याहूनही अधिक दंड सांगितलेला आहे. लूकच्या दृष्टान्ताशी या स्थळाचे नाते निकटचे आहे: जो जाणतो, त्याचा अपराध मोठा. दोन्ही परंपरांत हे तत्त्व आहे. ते कोठे निर्णायक मानले जाते, एवढाच प्रश्न उरतो.

या निकषाची खरी कसोटी बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटन’ (१८५७) या कादंबरीत लागते. तेथे विधवांना छळणारी माणसे स्मृतींच्या यादीतील महापातकी नव्हेत. ती रूढी पाळणारी, समाजात मान असलेली माणसे आहेत. कृत्यांची यादी हाच निकष मानला तर ती निर्दोष ठरतात; सर्व पापे सारखी मानली तर त्यांचा विशिष्ट अपराध सर्वसामान्य मानवी पतनात विरून जातो. जाणतेपणाचा निकष मात्र दोन्ही पळवाटा बंद करतो. न जाणणाऱ्या चाकरालाही थोडे फटके बसतातच; अज्ञान दोष हलका करते, पुसून टाकत नाही. अज्ञान जपून ठेवणे हे तर अज्ञान नव्हेच.

यातून वाङ्मयविचारासाठी एक अस्वस्थ करणारा निष्कर्ष निघतो. ज्या कृतीने वाचकाला विधवेचे दुःख दाखवले, तिने त्याचे अज्ञानाचे निमित्तही काढून घेतले. वाचनानंतरचे मौन वाचनापूर्वीच्या मौनासारखे राहत नाही. साहित्य संवेदना विस्तारते, असे समीक्षा वारंवार म्हणते. त्या विस्ताराबरोबर वाढणाऱ्या उत्तरदायित्वाविषयी ती क्वचितच बोलते. ईश्वरी न्याय मानणारा वाचक या उत्तरदायित्वाला दंड म्हणेल, न मानणारा त्याला विवेक म्हणेल. दोघांच्याही हिशेबात अधिक जाणणाऱ्याच्या नावावर अधिक जमा होते, आणि जाणकार वाचक या यादीत सर्वांत वर येतो.