शेरा खोडून टाक

तुझा अहवाल वाचला. तक्ते नीटनेटके आहेत, बेरजा बिनचूक आहेत. पण निकालाच्या तक्त्याखाली तू शेरा मारला आहेस : ‘बहुतांश विद्यार्थी दुर्बल सामाजिक-आर्थिक पार्श्वभूमीचे असल्यामुळे अपेक्षित प्रगती दिसत नाही.’ अगं, हे लिहिताना तुझा हात थांबला कसा नाही? तू माझ्या हाताखाली शिकलीस, म्हणून आडपडदा न ठेवता सांगते. शिक्षिकेने असलं वाक्य लिहायचं नसतं.

तुझे आकडे खोटे आहेत असं मी म्हणत नाही. म्हैसूरचं जयलक्ष्मीपुरम मलाही ठाऊक आहे. बंगल्यांतली नातवंडं सकाळी इंग्रजी शाळांच्या बसमध्ये चढतात आणि तुझ्या वर्गात येतात ती त्याच बंगल्यांत धुणीभांडी करणाऱ्या बायकांची, वॉचमनची, बांधकामावरच्या मजुरांची मुलं. २०१९ पासून कर्नाटकाचा नियम असा झाला, की जवळ सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी विनाअनुदानित शाळेवर पंचवीस टक्के जागांचं बंधन नाही. म्हणजे गरिबाच्या पोराला दुसरं दार बहुधा उरलंच नाही, तुझंच उरलं. हे सगळं कबूल. पण मग तुझी जबाबदारी वाढली की कमी झाली?

फोनवर तू मला कोलमनचा दाखला दिलास. १९६६ सालचा अमेरिकेतला अहवाल, सुमारे सहा लाख मुलांची पाहणी, आणि निष्कर्ष असा की शाळेतल्या साधनांपेक्षा घरची परिस्थिती मुलाच्या गुणांवर जास्त परिणाम करते. एवढं वाचलंस आणि पुस्तक मिटलंस. त्याच अहवालात पुढे म्हटलं आहे, की मागे ठेवलेल्या समाजांतल्या मुलांना शाळेच्या आणि शिक्षकाच्या बरेवाईटपणाने अधिक फरक पडतो. डॉक्टरांचं पोर वाईट शिक्षकातूनही तरून जातं. तुझ्या वर्गातलं नाही जात. अर्धं वाचून पदवी मिळत असेल, वर्ग शिकवता येत नाही.

आता तुझ्या चौथीतल्या त्या फुलवालीच्या मुलीचं सांगते. वहीत त्रेपन्न वजा सत्तावीस, उत्तर चौतीस. तू लाल गोल केलास आणि पान उलटलंस. चौतीस आले कुठून, हे पाहिलंस का? तिने सातातून तीन वजा केले, पाचातून दोन. मोठ्यातून लहान वजा करायचं, एवढंच तिच्या डोक्यात बसलं आहे. दशक मोडून सुटे करायचे, ही पायरी तिला कोणी दाखवलीच नाही. ती वही मी पाहिली, त्याच संध्याकाळी वोंटीकोप्पलच्या देवळाजवळ ती आईच्या टोपलीशी बसली होती. मल्लिगेच्या फुलांची माळ कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत मापून देत होती. पस्तीस रुपये मोळ. मी तीन मोळ घेतले, दोनशेची नोट दिली, आणि तिने पंच्याण्णव रुपये हातावर ठेवले. बोटं मोजली नाहीत, आईला विचारलं नाही. या मुलीला गणित येत नाही, असं तू लिहून ठेवलं आहेस.

कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांचा अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २०२५ मध्ये ‘नेचर’मध्ये आला. तिथेही हेच दिसलं. बाजारातला अवघड हिशेब तोंडी करणारी मुलं कागदावरच्या सोप्या उदाहरणांशी अडत होती, आणि बाजारात काम न करणाऱ्या शाळकरी मुलांना बाजारातला हिशेब जमत नव्हता. मधला पूल कोणी बांधायचा? फुलवालीने?

तुझ्या तक्त्यात मातृभाषेचा रकाना आहे. कन्नड, उर्दू, तमिळ, तेलुगू, लंबाणी, हिंदी, आपल्या भावसारांच्या घरची मराठी. रकाना भरलास आणि विसरलीस. ज्या मुलाच्या घरात कन्नड बोललंच जात नाही, त्याला आणि घरी कन्नडच बोलणाऱ्याला तू एकच पान, एकाच वेगाने वाचायला देतेस. मग वर्षाअखेरीस म्हणतेस, वाचन कच्चं. यात गरिबी कुठे आली? हे तुझ्या पाठाच्या टाचणाचं काम आहे.

तुला लांबचं उदाहरण नको. याच म्हैसूर जिल्ह्यात, एच. डी. कोटे तालुक्यात, १९९५ साली ‘नली-कली’ ही शिकवण्याची पद्धत सुरू झाली. जंगलाला लागून असलेला तालुका, जेनु कुरुबांच्या वाड्या, एका खोलीत तीन इयत्ता. तिथल्या शिक्षकांनी ऋषी व्हॅलीच्या शाळांत जाऊन पाहिलं, परत येऊन स्वतः कार्डं तयार केली, आणि प्रत्येक मूल त्याच्या पायरीवरून पुढे जाईल अशी मांडणी केली. पुढे ती पद्धत राज्यभर गेली. त्यांच्याही तक्त्यात तुझ्यासारखेच रकाने होते, कदाचित अधिक बिकट.

आणि तुझ्या तक्त्यातली ही जातवार मोजणी कशासाठी असते, तेही ध्यानात ठेव. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०२ साली नोकऱ्यांत मागासलेल्यांना निम्म्या जागा दिल्या. म्हैसुरात नाल्वडी कृष्णराज वाडियारांनी १९१८ साली मिलर समिती नेमली. कोण मागे राहिलं ते मोजायचं, म्हणजे त्याला पुढे आणता येईल, हा त्यामागचा हेतू. तू त्याच मोजणीतून मुलांना हात न लावण्याची सबब काढलीस, याचा मला संताप आला.

तुझा वैताग मला कळतो. २०२५ च्या दसऱ्यात जातगणतीच्या साठ प्रश्नांची यादी घेऊन तू दारोदार फिरलीस, सुट्टी त्यात गेली, शाळाही उशिरा उघडल्या. शिक्षकांना गणतीला जुंपायचं आणि निकालाचा जाब त्यांनाच विचारायचा, हा अन्याय आहे. त्यासाठी संघटनेत जा, भांड, मी तुझ्या बाजूने उभी राहीन. पण त्याची वसुली चौथीच्या पोरांकडून करू नकोस. शिक्षण हक्क कायद्याचं कलम २४ काढून वाच. प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता तपासून लागेल ते जादा शिकवणं हे शिक्षकाचं कर्तव्य म्हणून तिथे लिहिलं आहे. प्रत्येक मुलाची. गटाची नाही, प्रवर्गाची नाही.

तेव्हा शेरा खोड. त्या जागी नावं घाल : कोण अक्षराशी अडलं, कोण जोडाक्षराशी, कोण दशक मोडताना, आणि प्रत्येकापुढे तू पुढचे दोन महिने काय करणार. आणि पालकसभा सकाळी अकराला ठेवणं बंद कर. त्या वेळी या बाया दुसऱ्यांच्या मोरीत भांडी घासत असतात, आणि तू ‘पालक उदासीन’ लिहून मोकळी होतेस. एसडीएमसीत, म्हणजे शाळा विकास व देखरेख समितीत, निम्म्या जागा बायकांच्या आहेत, कायद्यानेच. संध्याकाळी सातला बोलाव. गुणपत्रकं वाटू नकोस. प्रत्येक मुलाला आईसमोर उभं करून एक पान वाचायला लाव, आणि कुठे अडतं ते तिला तिच्या भाषेत सांग.