या वयात भाषा शिकावी काय?

पिंपळे सौदागर हे पवनेच्या काठचे जुने गाव. आता तेथे शेतांच्या जागी उंच इमारती झाल्या. हिंजवडीस नोकरीला आलेल्या पोरांमागोमाग त्यांचे आईबापही तेलुगू, बंगाली, हिंदी मुलखांतून येथे राहावयास आले. नातू वर्षभरात मराठी बोलू लागतो. आजोबा मात्र बागेतल्या बाकावर मुके बसतात. “आता या वयात काय शिकायचे?” असे ते म्हणतात, आणि आमचे माळकरीही मान डोलावतात. हे बोलणे खरे किती नि सोयीचे किती, ते पाहू.

वय मुळीच आड येत नाही असे म्हणणे खोटेपणाचे होईल. कान फार लवकर बांधला जातो. १९८४ साली वर्कर व टीस या संशोधकांनी दाखविले की, इंग्रजी घरांतली सहा-आठ महिन्यांची तान्ही मुले हिंदीतला ‘त’ व ‘ट’ यांचा भेद ओळखतात. पण वर्षाची होता होता बहुतेकांना तो कळेनासा होतो. २०१८ साली साडेसहा लाखांहून अधिक लोकांची इंग्रजी व्याकरणाची परीक्षा घेतली गेली. तीवरून असे अनुमान निघाले की, व्याकरण सहज उचलण्याची शक्ती सतरा-अठरा वर्षांनंतर उतरू लागते. तेव्हा साठीच्या बंगाली आजीच्या तोंडी ‘ळ’चा ‘ल’ झाला, तर तिला दोष कोण देणार?

पण उच्चार म्हणजेच भाषा काय? थॉमस स्टीफन्स हा इंग्रज पाद्री १५७९ साली गोव्यास उतरला तेव्हा तिशीचा होता. त्याचे मराठी क्रिस्तपुराण १६१६ साली छापून निघाले, तेव्हा तो सत्तरीकडे झुकलेला. दहा हजारांवर ओव्या! त्याचा धर्म निराळा, हेतू निराळा, तो वाद येथे नको. छंद मात्र आपल्या ज्ञानेश्वरीचाच.

कोणी म्हणेल, तिशी ती तिशी, साठी ती साठी. कबूल. साठीत आज घोकलेला शब्द उद्या निसटतो, दहादा घोकावा लागतो. परंतु अक्षरओळख नसलेल्या आमच्या म्हाताऱ्या उतारवयात माळ घालतात आणि ऐकून ऐकून हरिपाठ मुखोद्गत करतात, तो कसा? त्यातले कित्येक शब्द घरच्या बोलीत कधीच नव्हते. रोज संध्याकाळी चारचौघींत बसून म्हटले, चुकले तरी कोणी हसले नाही, म्हणून ते जिभेवर बसले.

आमच्या मते खरी गोम येथेच आहे. नातू चुकला की आपण कौतुकाने टाळी पिटतो; आजोबा ‘माझा भाकरी’ म्हणाले की खुदकन हसतो. दुसऱ्या दिवशी ते तोंड उघडत नाहीत, आणि आपण खुशाल वयाला बोल लावतो. दुसरे एक पाप आपण सभ्यपणाने करतो. परका माणूस मोडकी मराठी बोलू लागला की लगेच हिंदीवर उतरतो. त्याचे वाक्य पुरे होईस्तोवर थांबायला कितीसा वेळ लागतो? आणि त्या बाकावर बसणाऱ्या आपल्या आजोबांनीही शेजाऱ्याला ‘पाणी’, ‘जेवलात का’ हे तेलुगूत कसे म्हणतात एवढे विचारावे. चुकले तर तोही हसेल, हसू द्यावा.